गंगम्मांचा ब्राउझर

वेबसाइट बनवणारा गुरू आईला तीन ब्राउझरमधला फरक समजावत होता. एकाचे डेव्हलपर टूल्स झकास, दुसरा वेगाला भारी, तिसरा मात्र आपण काय शोधलं याची कुणाला खबर लागू देत नाही.

"तिसराच टाक," गंगम्मा म्हणाल्या. लेकीसाठी, सिद्धेश्वरीसाठी, स्थळ बघायचं होतं आणि शुक्रवार पेठेत बोभाटा नको होता.

टायपिंगचा त्यांना कंटाळा. गच्चीत जाऊन त्यांनी माइकचं बटण दाबलं आणि खणखणीत आवाज दिला, "अक्कलकोटकडचा, निर्व्यसनी, नोकरीवाला मुलगा पाहिजे!"

गुरूने कपाळावर हात मारला. चहाला उकळी फुटायच्या आत शेजारच्या रंभाबाई भाच्याचा फोटो घेऊन दारात हजर.

गंगम्मा हरखल्या. "गुरू, वेगालाबी ह्योच लई भारी हाय की!"