टॉवेल कोणाला हवा होता

मी एक जुना गाऊन आहे, मित्रांनो, आणि मला तुमची दया अजिबात नको. माझ्या लेबलवर 'नाइटवेअर' असं छापलं होतं. छापणारा कधी किहीमला आला नसावा. आमच्याकडे गाऊन सकाळीच अंगावर चढतो आणि दूध, नारळाची वाडी, बाजार सगळं उरकून मगच झोपतो. बाहेर जाताना खांद्यांवर टॉवेल टाकला, की झाला पोशाख! ही इथली रीत.

माझ्या मालकीणबाई कुमुदताई. अलिबागच्या बाजारात त्यांनी मला निवडलं ते खिसा बघून. किनाऱ्यावर त्यांची घावण्यांची टपरी आहे. काडेपेटी, मोबाइल, चावी, सगळं माझ्या खिशात. कोणत्या भरजरी साडीला जमतं हे?

पण हरेश्वरभाऊंना माझी लाज वाटली. हे आमच्या पर्यटन समितीचे अध्यक्ष. दिवसभर बर्मुडा-बनियनवर कट्ट्यावर बसून संस्कृती राखतात. पाहुणे काय म्हणतील, म्हणून त्यांनी फर्मान काढलं, की जी बाई गाऊनवर रस्त्यात दिसेल, तिच्या टपरीला किनाऱ्यावर जागा नाही. पाहुणे स्वतः चड्डीवर फिरतात, हे त्या थोर डोळ्यांना दिसत नव्हतं.

टपरी गेली तर घर कशावर चालणार? कुमुदताई मुकाट्याने साडी नेसून जाऊ लागल्या. मी दोरीवर लोंबकळत राहिलो. आणि एका सकाळी वाऱ्याने पदर शेगडीवर गेला, पेटला. त्यांची लेक मैत्री हिने पटकन पाणी ओतलं, म्हणून हात भाजण्यावरच निभावलं.

त्याच संध्याकाळी देवळाच्या मंडपात समितीची बैठक होती. ताईंनी मला अंगात घातलं, वर टॉवेल घेतला आणि थेट पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"काय गो वहिनी, चारचौघांत गाऊनवर?" खुर्चीत पाय पसरून भाऊ म्हणाले.

"टॉवेल घेतलाय ना, भावजी." ताईंनी तो खांद्यावरून काढला आणि भाऊंच्या उघड्या गुडघ्यांवर टाकला. "पण ऱ्हावदे. तुम्हालाच जास्त गरज हाय."

बायका आधी खोकल्या, मग हसल्या. आणि भाऊंनी काय करावं? टॉवेल फेकायचा सोडून दोन्ही हातांनी ओढून गुडघे नीट झाकले! त्या फर्मानाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. टपरी जागच्या जागी आहे.

आता माझा रंग उडालाय. लवकरच माझं पायपुसणं होईल. खुशाल करा, त्यात मला कमीपणा नाही. मित्रांनो, कपडा मळला तर धुवा, उसवला तर शिवा, पण त्याच्यावरून बाईची किंमत करू नका. एवढंही जमत नसेल, तर टॉवेल मागून घ्या. ताई देतात.