वाचवलेले एक्केचाळीस हजार

"परत करतोस? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" मी इतक्या जोरात ओरडले की फ्राईज घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या जोडप्याने आधी माझ्याकडे आणि मग लोथारकडे पाहिलं.

"उरलेत तर परत करायला नकोत?" लोथार म्हणाला. "आपले आहेत का ते? गावाचे आहेत."

लोथार पिओन्टेक, माझा नवरा. नगरपालिकेच्या बंदिस्त पोहण्याच्या तलावाचा व्यवस्थापक. त्याच तलावाच्या दाराशी माझी फ्राईजची टपरी. नवरा आत पाण्यात, मी बाहेर तेलात, असा आमचा सव्वीस वर्षांचा संसार. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात, पण आमच्या ह्या बाबाने माझ्याकडची सॉसची पुडीसुद्धा कधी फुकट घेतली नाही.

त्या वर्षी तर त्याने कमालच केली. बॉयलरचा मिस्त्री महाग पडतो म्हणून स्वतः पुस्तक वाचून बॉयलर दुरुस्त केला. छप्पर गळायला लागलं तर डांबराची बादली घेऊन आपणच वर चढला. मी खालून शिडी धरून शिव्या घालत होते. एवढं करून डिसेंबरात तलावाला मिळालेल्या वर्षाच्या पैशातले एक्केचाळीस हजार युरो उरले.

आता, डिसेंबरात पैसे उरले तर काय करायचं हे आमच्या नगरपालिकेतल्या झाडूवाल्यालाही माहीत आहे. उडवायचे! एकतीस तारखेच्या आत, काय वाटेल ते घेऊन. 'डिसेंबरचा ताप' म्हणतात त्याला. वाचनालयाच्या रोझविताबाई दरवर्षी खुर्च्या घेतात. बसायला माणसं नाहीत, पण खुर्च्या बघाव्यात तर लग्नाचा हॉल भरेल.

"लोथार, ऐका माझं," त्या स्वतः येऊन सांगून गेल्या. "न खर्चलेला पैसा म्हणजे नको असलेला पैसा. पुढच्या वर्षी तेवढाच कापतील."

"अहो, पण गाव कर्जात बुडालंय," लोथार म्हणाला. "आपणच असं केलं तर वर कधी येणार?"

खरंच बुडालं होतं. खाणी बंद पडल्या, माणसं गेली, कराचा पैसा आटला आणि खर्च तेवढाच राहिला. जुन्या कर्जाचं व्याज भरायला नवं कर्ज, असं चाललेलं. वरच्या सरकारने शेवटी दटावलं की आता आमच्या परवानगीशिवाय एक खिळासुद्धा उधारीवर घ्यायचा नाही. आणि रेडिओवर रोज काय, तर देशाच्या तिजोरीत कशी छान शिल्लक पडली आहे! वर शिलकीचे ढोल वाजतायत आणि आमच्या रस्त्यावर निम्मे दिवे बंद.

लोथारने पैसे परत केले. नगरपालिकेत टाळ्या वाजल्या, महापौरांनी फुलांचा गुच्छ दिला. फुलदाणी मात्र माझी मलाच शोधावी लागली.

जानेवारीत तलावाच्या वाट्यातून बरोबर एक्केचाळीस हजार कापले. "गेल्या वर्षी भागलं, म्हणजे लागत नाहीत," असं कारण. हात दाखवून अवलक्षण! लोथार हिरमुसला, पण म्हणाला, "बघू, भागवू."

सप्टेंबरात पाणी फिरवणारा मोठा पंप बंद पडला. तो काही पुस्तक वाचून दुरुस्त होण्यातला नव्हता. नवा घ्यायला पैसे नाहीत, कर्जाला परवानगी नाही. पाणी हिरवं पडायला लागलं आणि तलावाला कुलूप लागलं. शाळेची मुलं पोहायला शिकायची ती थांबली. गुडघेदुखीच्या म्हाताऱ्या सकाळी टॉवेल घेऊन येत आणि दाराला हात लावून परत जात. पाण्याशिवाय माझे फ्राईज कोण खाणार? मीही टपरी गुंडाळली. तरी आम्हाला वाटत होतं, हिवाळा संपला की उघडेल. सगळं नगरसभेच्या मतावर होतं.

नोव्हेंबरात सभा भरली. आम्ही दोघं मागच्या बाकावर. नगरपालिकेचे खजिनदार होल्टमान उभे राहिले आणि म्हणाले, "तलावाचा खर्च कमी होऊ शकतो हे पिओन्टेक यांनीच सिद्ध केलंय. पंपाकडे वेळीच लक्ष दिलं असतं तर ही वेळ आली नसती." मग हात वर झाले आणि तलाव कायमचा बंद ठरला. त्यात रोझविताबाईंच्या वाचनालयाला कुणी बोट लावलं नाही. एवढ्या खुर्च्या आहेत म्हणजे वापर असणारच, नाही का?

घरी येताना लोथार म्हणाला, "मार्लीस, ते पैसे कशाला वापरले असतील गं? शाळेला? की एखाद्या रस्त्याला?"

"विचारते की," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी होल्टमानसाहेबांच्या दारात उभी. वेळ घेतली होती का, असं त्यांची सेक्रेटरी विचारेपर्यंत मी आत पोचले होते.

"माझ्या नवऱ्याने दिलेल्या पैशाचं काय केलंत? एवढं सांगा, मी जाते."

माणूस वाईट नव्हता. त्याने चष्मा काढला, डोळे चोळले. "बाई, त्याचं काही घेतलं नाही. ते व्याजात गेले."

"किती दिवसांच्या?"

"दिवसांच्या नाही हो." तो खिडकीबाहेर बघायला लागला. "सकाळी कचेरी उघडल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंतच्या."

मला कडाडून भांडायचं होतं. सगळी वाक्यं जुळवून गेले होते. पण मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. वर्षभर तो म्हातारा शिडीवर चढला, थंडीत बॉयलरखाली आडवा झाला, आणि ह्यांनी ते पैसे एका सकाळीत गिळले.

घरी आले तर लोथार टेबलाशी बसलेला. दोन बशा मांडून, पाव कापून, माझी वाट बघत. मी आयुष्यात कुणाची भीड ठेवलेली नाही. तोंडावर बोलते म्हणून माझ्या सख्ख्या बहिणीने अबोला धरलाय.

"काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"बालवाडीला," मी म्हणाले. "हीटर बसवले."

"कुठल्या बालवाडीला?"

आता आली का पंचाईत! "ती... चर्चमागची."

"अच्छा," तो म्हणाला. बराच वेळ पावाला लोणी लावत बसला. "मग ठीक आहे. पोरं लहान असतात तिथली."

दुसऱ्या दिवशी तो फिरायला गेला तो नेहमीपेक्षा उशिरा परतला. नाक थंडीने लालभडक झालेलं, पण चेहरा हसरा. कितीतरी दिवसांनी तसा पाहिला मी.

"जाऊन आलो," कोट काढत तो म्हणाला. "बाहेरून काचेला हात लावून बघितला, मार्लीस. चांगली ऊब आहे आत."