काचेच्या कपाटातून सुटलेला तंबोरा

मित्रांनो, मी मिरजेचा तंबोरा. माझा भोपळा कडू जातीचा, भाजीच्या कामाचा नाही, म्हणून तर वाचला. एका म्हाताऱ्या कारागिराने त्याला लाकडी दांडी जोडली, चार तारा चढवल्या आणि तारांखाली दोरा सरकवून जवारी लावली. मी गुंजू लागलो तेव्हा त्याने डोळे मिटून मान हलवली. ते माझे पहिले कौतुक, अजून विसरलेलो नाही.

सदाशिवरावांनी मला लग्नाच्या वर्षी घरी आणले. ते सरकारी अधिकारी, पायाला कायम भिंगरी. दर बदलीच्या गावाहून एक वाद्य आमच्यात येई. तंजावरची वीणा आली, बनारसची सारंगी आली, अमृतसरचा दिलरुबा आला. दिलरुबा जरा शिष्टच होता. पण सगळ्यांना सूर माझ्याकडूनच घ्यावा लागे, म्हणून मी ते मनावर घेतले नाही.

शेवटची बदली कलकत्त्याला झाली. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षे झाली होती. सदाशिवरावांची बोटे संधिवाताने आखडली आणि मी गवसणीत पडून राहिलो. निवृत्तीनंतर पुण्यात दोनच खोल्या मिळणार होत्या. एवढा गोतावळा मावणार कुठे? एका संग्रहालयाचे गृहस्थ येऊन म्हणाले, "तारा उतरवून काचेच्या कपाटात ठेवू. कुणाचा हात लागणार नाही." तारा उतरवलेला तंबोरा म्हणजे पुन्हा भोपळाच, आणि तोही कडू.

सदाशिवरावांचेही मन होईना. बराकपूरजवळ बीथिकादी नावाची बाई गाणे शिकवत असे. तिच्याकडे शिकणाऱ्या मुली फाळणीत पूर्व बंगालमधून आलेल्या, वाद्ये तिकडेच राहिलेली. सदाशिवरावांनी तिला सांगितले, "सरस्वतीपूजेला मुलींना घेऊन ये. दिवस चांगला आहे. वाजवून बघा आणि हवं ते घेऊन जा. नाहीतर सोमवारी सगळं संग्रहालयात जाईल."

वसंत पंचमीला पिवळ्या साड्या नेसून मुली आल्या. आम्ही गवसण्या काढून देवीपुढे बसलो होतो. "घ्या, वाजवा," सदाशिवराव म्हणाले. मुलींनी हात पाठीमागे नेले. बीथिकादीने नमस्कार केला आणि म्हणाली, "आज नको, काकाबाबू." प्रसाद खाऊन सगळ्या निघून गेल्या.

सदाशिवरावांनी दार लावून घेतले. "नाही म्हणायची एकेकाची रीत असते," ते पत्नीला, श्यामलाबाईंना म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या तारा सैल करायला घेतल्या. दोन केल्या, पुढे त्यांच्याने होईना. मला फार वाईट वाटले, माझ्यापेक्षा त्यांच्यासाठी जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दार वाजले. बीथिकादी मुलींसह उभी होती. "पूजा आटोपली, काकाबाबू. आता हात लावू ना?"

"म्हणजे काल..."

"काल ही वाद्यं देवीच्या पायाशी होती. पूजेच्या दिवशी कुणी वाद्याला हात लावतं का?" हे कुणाला सांगावे लागते, असे तिच्या मनातही आले नव्हते.

श्यामलाबाईंना हसू आवरेना. "खंडेनवमीला पुजलेली साधी कात्री तुम्ही मला उचलू देत नाही, आणि काल पोरींच्या हातात वाद्यं कोंबत होतात!"

सदाशिवरावांनी कपाळावर हात मारला आणि कित्येक महिन्यांनी मोकळे हसले. सैल केलेल्या तारा त्यांनीच आखडल्या बोटांनी पुन्हा चढवल्या. एका मुलीने मला मांडीवर घेऊन छेडले. सुटलो, मित्रांनो! दिलरुब्याचाही मला त्या क्षणी राग आला नाही.

पुण्याला जाण्याआधी सदाशिवराव एकदा बीथिकादीच्या वर्गात आले. माझी एक तार उतरली होती. त्यांचा हात पुढे झाला आणि थांबला, कारण त्या मुलीने आपणहून खुंटी पिळून सूर जुळवला होता. "येतो रे," ते मला म्हणाले आणि निश्चिंत मनाने निघाले.

आता माझ्या दांडीवर बांगड्यांचे ओरखडे आहेत. काचेत एकही पडला नसता. तुमच्या घरी कुणी गवसणीत असेल, तर त्याची पूजा जरूर करा. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उचलायला विसरू नका.