सात नंबरची खुर्ची

मी संगमनेरच्या संगीत सभागृहातली सात नंबरची खुर्ची बोलतेय. पहिली रांग, सागवानी हाडं, वेताची बैठक.

सभागृहाचे अध्यक्ष रावसाहेब माझ्यावर बारा वर्षं बसले. बसले म्हणजे झोपले. विलंबित ख्याल सुरू झाला की मान खाली, टाळ्या पडल्या की "वाहवा". दुसऱ्या दिवशी गाण्यावर मत द्यायला मात्र सगळ्यांच्या पुढे.

दुसरी जागतिक लढाई संपली त्या वर्षी प्रवरा नदीचा पूर आत शिरला आणि आम्ही साठ खुर्च्या बाहेर पडलो. मी दोन मैल खाली बाभळीत अडकले. तिथून गोजरबाईनं मला काढलं. ती सभागृहाच्या दाराशी भाजलेल्या शेंगा विकायची. पंधरा वर्षं भिंतीला पाठ लावून तिनं गाणं ऐकलं होतं, गाणाऱ्याचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. तिनं मला धुतलं, तुटका वेत काढून सुतळी विणली. चार महिने माझ्यावर कोणी घोरलं नाही.

भिंती वाळल्या, चुना लागला; पण नव्या खुर्च्यांना लाकूड मिळेना. मग रावसाहेबांनी दवंडी पिटवली: जो खुर्ची परत आणील, तो तिच्यावर बसून पहिलं गाणं फुकट ऐकेल. पहिल्या रांगेतल्या खुर्च्याही वाहून गेल्यात, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दिवे वाहून गेलेले, म्हणून मैफल दुपारी ठरली. गोजरबाईनं मला डोक्यावरून आणलं, माझ्या जागी मांडलं आणि ती बसली. सहा नंबर घेऊन आलेला चांदभाई पिंजारी म्हणाला, "मावशी, नीट बस. साहेबाची खुर्ची हाय."

"साहेबाची असती तर बाभळीत कशाला गेली असती?"

तेवढ्यात रावसाहेब आले. "बाई, ही माझी जागा. तुम्ही मागं बसा."

"दवंडी तुमचीच हुती न्हवं?"

"खुर्ची सभागृहाची आहे."

"मंग आठ नंबरची बी सभागृहाचीच की. तुमच्या वसरीत हाय. दर बाजारच्या दिशी तितंच शेंगा देते मी. ती आणा आन् बसा माझ्या शेजारी."

तंबोरे जुळत होते, ते थांबले. आठ नंबर म्हणजे माझी शेजारीण. पुराआधी तीन वर्षं रावसाहेबांच्या मुलीच्या लग्नाला म्हणून गेली, ती परत आलीच नाही. त्यांचं घर टेकाडावर. तिथं पूर पोचला नव्हता.

गवईबुवा शांतपणे म्हणाले, "आणा रावसाहेब. तोवर आम्ही जुळवतो."

गडी धावला. आठ नंबर आली. तिच्या अंगावर गाळाचा ठिपकाही नव्हता, आणि नेमकं तेच सगळ्या सभागृहानं पाहिलं.

भीमपलास सुरू झाला. रावसाहेबांची मान सवयीनं कलली. गोजरबाईनं गवयावरची नजर न काढता त्यांना कोपरानं ढोसलं.

"जागं व्हा. तोंड बघा त्याचं. रडाया आल्यावानी करतोय आन् गातोय किती गोड."

रावसाहेब शेवटपर्यंत जागे राहिले. बारा वर्षांत पहिल्यांदा.

आता मला पुन्हा वेत भरायचं चाललंय. नको. सुतळीच राहू द्या. आणि पुढच्या पुराच्या धास्तीनं दोरीनंही बांधू नका. कुणाच्या दारी लागायचं, ते मला ठाऊक आहे.