ड्रम्सवर : पल्लवी बागूल

रेकॉर्डच्या कव्हरवरच्या पातळ प्लॅस्टिकच्या आत, फोटोतल्या तिच्या उजव्या कोपराच्या जरा वर, हवेचा एक बुडबुडा अडकला होता... अंगठ्यानं दाबला की तो सरकत फोटोतल्या मनगटापर्यंत जायचा, तिथून काठीच्या टोकाला, आणि अंगठा उचलला की मुकाट्यानं पुन्हा कोपरावर येऊन बसायचा. पल्लवी त्याला पुन्हा पुन्हा पिटाळत राहिली. आतली तबकडी अजून तिनं बाहेर काढली नव्हती – काढून करणार काय, ती वाजवायचं यंत्र सुरतेच्या या गोडादऱ्यात होतं कुणाकडे? रेकॉर्ड कंपनीची माणसं म्हणाली होती, हल्ली पुन्हा फॅशन आलीय, लोक वाजवत नाहीत, भिंतीवर लावतात. बरंच आहे, तिला वाटलं. भिंतीवरच्या तबकडीतून काही ऐकू येत नाही.

कव्हरवर ती एकटीच स्पष्ट होती. दोन्ही काठ्या डोक्यावर उगारलेल्या, केस पंखा लावून उडवलेले, मागे यंत्रमागांच्या, लूमच्या रांगा – तिचे वडील, नाना, काम करतात ते कापडाचं खातं नव्हे, तिथल्या तेलकट धुळीनं फोटोवाल्याला खोकला आला होता – दुसरंच, बंद पडलेलं, धुऊन पुसून घेतलेलं. गाणी लिहिणारा आणि गाणारा गजेंद्र, बेस गिटार वाजवणारा वाल्मिक, दोघं तिच्या मागे धूसर. आणि मी अशी लखलखीत... मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं : ड्रम्सवर – पल्लवी बागूल. आणि त्या सगळ्या गाण्यांत एकही ठोका तिचा नव्हता.

बँडचं नाव ‘लाइट गेली’. ते वाल्मिकनं ठेवलं होतं, कारण लहानपणी लाइट गेली की वस्तीतले सगळे लूम एकदम गप्प व्हायचे आणि तेव्हाच कुठे माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं. जरीच्या एका रिकाम्या गाळ्यात ते तिघं वाजवायचे. तिचे ड्रम लग्नातल्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून घेतलेले, एका झांजेला चीर गेलेली. पॉप-पंक म्हणतात त्याला, हे त्यांना नंतर कळलं – भरधाव, चिडकी गाणी, तरी दुसऱ्यांदा ऐकताना तोंडात बसणारी. अर्ध्या ओळी अहिराणीत, अर्ध्या हिंदीत, शिव्या गुजरातीत. ‘लाल खाडी’ हे त्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं. त्यात शेवटच्या मुखड्याआधी पल्लवी नेहमी तालाच्या पुढे पळायची. ठरवून नव्हे, हात सुटायचेच. गजेंद्र शब्द गिळायचा, वाल्मिक हसत हसत शिवी घालायचा, आणि तिघं जिन्यावरून गडगडत आल्यासारखे मुखड्यावर आदळायचे. लोक नेमके तिथंच उड्या मारायचे... ते पळणं चूक आहे, असं तिला मुंबईला रेकॉर्डिंगला जाईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

मुंबईतसुद्धा कुणी सांगितलं नाही, हीच तर गोष्ट. काचेपलीकडचा तो गोड आवाजाचा प्रोड्यूसर प्रत्येक वेळी म्हणायचा, मस्त, फक्त अजून एकदा. कानात तालाची टिकटिक लावून ती वाजवायची, आणि ती टिकटिक तिला एखाद्या शहाण्या वहिनीसारखी वाटायची – हसून, हळू आवाजात, सारखी चूक दाखवणारी. मग म्हणाले, झालं, सुंदर झालं. ती सुरतेला परत आली, घरी मायला स्टुडिओतल्या जाड गालिच्याचं वर्णन करून सांगितलं. पुढे गजेंद्रच्या फोनवर गाणी आली. ‘लाल खाडी’ मुखड्याजवळ आलं आणि पळालं नाही... स्वच्छ, गोल, घासून पुसून ठेवलेला ड्रमचा एक रोल आला, आणि मुखडा दारातून वाकून आत आल्यासारखा आला. हे मी केव्हा वाजवलं? – पहिल्यांदा तिला खरोखर असंच वाटलं. गजेंद्र म्हणाला, थोडं टाइट केलंय त्यांनी. वाल्मिकला मात्र खोटं पचत नाही. चलथाणच्या रस्त्यावर उसाचा रस पिताना त्यानं ग्लासात बघत सांगून टाकलं, की ते तिघं अजून मुंबईत असतानाच तिथला एक माणूस स्टुडिओत येऊन दुपारभरात सगळं वाजवून गेला. त्याचं नाव कुठेही येणार नाही, हे त्याला मान्य आहे. तो असाच जगतो.

मग तू का गप्प राहिलीस? हे तिला कुणी विचारलं नव्हतं, तरी ती रोज उत्तर देत होती. कार्यक्रमांत रेकॉर्डसारखंच वाजायला हवं होतं, म्हणून ती घरी, कानात टिकटिक घालून, त्या न पाहिलेल्या माणसाचे हात गिरवत बसायची. लहान मूल पाटीवर मोठ्यांचं अक्षर गिरवतं तसे. त्याच्या डाव्या हाताची एक लकब तिला ओळखता येऊ लागली होती. इतकं जवळून मी कुणालाच ओळखत नाही, तिला एकदा वाटलं, आणि किळस आली.

बाहेर ओट्यावर नानांनी गाणं लावलं. वाल्मिकनं दिलेला छोटा स्पीकर, आवाज पूर्ण सोडलेला. अर्धं आयुष्य लूममध्ये काढून नानांचे कान गेल्यातच जमा होते, म्हणून ते स्पीकरवर पंजा पालथा ठेवून बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवत होते.

“आयका, आयका! हाई मनी पोरनं वाजाडेल शे!”

“तुले काय आयकू येस, भाईदास?” समोरच्या धुरपदाबाई पदराआड हसत होत्या.

“कानले नही येत ते काय व्हयनं? हातले समजस.”

पल्लवी उंबऱ्यात उभी राहिली. रस्त्यावरचा एक रिक्षावाला रिक्षा थांबवून तिच्याकडे बघून अंगठा दाखवत होता. ‘लाल खाडी’ चालू होतं. तो रोल आला, गेला; नानांनी मान वर केली – कळलं, यांना कळलं...

“पह्यले तू आठे घाई करे,” नाना म्हणाले. “आते कशी एकसारखी वाजाडस. शिकनी मनी पोर.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ती हसली. सांगायला हवं होतं तो क्षण हाच, हे तिला स्पष्ट दिसत होतं, समोरच्या विजेच्या खांबाइतकं स्पष्ट. आणि ती त्या क्षणाकडे बघत उभी राहिली आणि तो निघून गेला. माय आतून म्हणाली, जेवी ले. नंतर एका रेडिओवाल्या बाईचा फोन आला – लूमच्या आवाजातूनच तुम्ही ताल शिकलात ना? कंपनीनंच ही गोष्ट लिहून सगळीकडे वाटली होती. लूमला ताल नसतो, बाई. लूमला फक्त आवाज असतो, आणि तो माणसाचे कान खातो... “हो,” पल्लवी म्हणाली, “अगदी तसंच.”

संध्याकाळचा कार्यक्रम वेसूकडच्या एका नव्या, गार हॉलमध्ये होता. दुपारी तिघं तिथं पोचले. वाल्मिक वायरी घेऊन कुठेतरी गेला, आणि गजेंद्र स्टेजवर वाकून गिटार लावत असताना तिनं एकदम विचारलं. विचारायचं असं ठरवलं नव्हतं. त्याच्या पायातले नवे बूट बघून तोंडातून गेलं.

“तुला आधीपासून माहीत होतं ना?”

त्यानं मान वर केली नाही. “आज? पल्लू, आज छोड ने यार.”

“मी तिथंच होते, गजा. त्याच शहरात. मला बोलवायचं तरी.”

“त्यांनी मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. पसंत नसेल तर सामान उचला आणि सुरतेला जा.” आता तो उभा राहिला. “कव्हरवर तू हवीच होतीस त्यांना. ड्रमवर मुलगी. फोटो तुझा, वाजवणं त्याचं. तू माझ्या जागी काय केलं असतंस?”

गजेंद्रनं खिशातून फोन काढला. तो रागावला नव्हता, आणि तेच वाईट होतं.

“कंपनीच्या स्नेहा मॅडमला लावू? सांगू, तिचं नाव काढा, त्याचं टाका? खरंच लावतो. फक्त हो म्हण.”

फोनचा पडदा उजळून तसाच राहिला. त्या उजेडात तिला ओटा दिसला, स्पीकरवर पालथा पडलेला पंजा दिसला. धुरपदाबाई. रिक्षावाला. आज संध्याकाळी पहिल्या रांगेत बसण्यासाठी नानांनी इस्त्री करून घेतलेला शर्ट... आणि हे सगळं बाजूला सारून, त्याच्याही खाली, उघडंनागडं असं एक – मला माझं नाव तिथं हवंय.

“राहू दे,” ती म्हणाली.

गजेंद्रनं फोन ठेवला. तो सुटल्यासारखा दिसला, आणि तिला लख्ख कळलं की आतापर्यंत हे खोटं कंपनीचं आणि त्याचं होतं. त्यानं आत्ता त्यातलं अर्धं तिच्या ओटीत घातलं, आणि तिनं पदर पसरून घेतलं. ठीक आहे, तिनं ठरवलं. आज ‘लाल खाडी’ला मी पळणार. सगळ्यांसमोर. रेकॉर्ड गेलं खड्ड्यात. गजा शब्द गिळेल, कंपनीवाले एकमेकांकडे बघतील, आणि नानांच्या हाताला काय कळायचं ते कळेल.

हॉल भरला. लिंबायत, गोडादरा, उधना – ओळखीचे चेहरे, आणि पुढे काही अनोळखी, सुगंधी. नाना मधोमध, माय त्यांच्या दंडाला धरून. पहिली गाणी गेली. मग ‘लाल खाडी’. कडवं, मुखडा, कडवं. तिच्या मानेमागून घाम ओघळला, छाती पूर्वीसारखी धडधडू लागली. आता, ती स्वतःला म्हणाली, आता सोड हात... गजेंद्रनं वळून पाहिलं, त्याला संशय आला असावा, त्याच्या चेहऱ्यावर भीती होती आणि त्या भीतीनं तिला बरंही वाटलं – आणि हातांनी वाजवलं. स्वच्छ, गोल, घासून पुसून ठेवलेलं. डाव्या हाताच्या लकबीसकट. मुखडा वाकून आत आला आणि हॉल उसळला. पूर्वी गाळ्यात उड्या मारायचे त्याच्या दसपट लोक उड्या मारत होते. नाना दोन्ही हात वर करून उभे राहिले होते.

पुढच्या गाण्यात तिनं पुन्हा करून पाहिलं. कुठेही, कसंही, जरा पुढे पळून बघायचं. पळायचं कसं हे तिला आठवेना. आपण काय करायचो, आधी उजवा की... नाव जिभेवर यावं आणि येऊ नये, तसं ते मनगटात कुठेतरी होतं आणि येत नव्हतं. आणि मधल्या एका क्षणी – हे तिला नंतरही नाकारता आलं नाही – तिला मजा येऊ लागली. हात चुकत नव्हते. चुकणारच नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर ती स्टेजमागच्या खुर्चीत बसली होती तेव्हा कंपनीच्या स्नेहा मॅडम आल्या. मुंबईहून तेवढ्यासाठी आल्या होत्या. त्यांनी खुर्ची ओढली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. हात उबदार होता.

“आज ऐकलं मी. रेकॉर्ड आणि तू, फरकच कळत नव्हता.” त्यांनी आवाज उतरवला, चेष्टा नव्हती, मायाच होती. “खरं सांगू? पुढच्या रेकॉर्डला आता बाहेरून कुणाला बोलवायला नको. तूच वाजव.”

आनंद झाला. आधी तोच आला – सरळ, निर्लज्ज, शाळेत बाईंनी पाठीवर हात फिरवल्यासारखा. कानाच्या पाळ्या गरम झाल्या, आणि “थँक यू, मॅडम,” म्हणणारा आवाज इतका खरा होता की तो स्वतःचाच आहे हे तिला ओळखावं लागलं. मॅडम उठून गेल्या. बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसत होतं, वाल्मिक तिला हाक मारत होता. ती उठली नाही. या आनंदाच्या मागोमाग राग येईल, यायलाच हवा, असं समजून ती अंग आखडून, जागा करून बसून राहिली... ज्या मुलीला त्यांनी काचेपलीकडून काढून टाकलं, तिच्या वतीनं कुणीतरी चिडायला नको का? कुणी? मी?

राग येत नव्हता. पुढच्या रेकॉर्डमध्ये काय काय असेल, ते तिच्या मनात आपोआप सुरू झालं होतं.