टवका उडालेला मग

हेनीने घडीची खुर्ची उघडली, गवतावर पक्की रोवली आणि पुलेंगला खांदे धरून तिच्यात बसवलं.

"बस माय. ही रांग संध्याकाळपर्यंत हलायची नाही."

पुलेंगच्या मुलीने, मोसिडीने, तोंड फिरवलं. आईसाठी खुर्ची खरं तर आपण आणायची. पण लांबच्या क्वाक्वा गावाकडून बसने येताना खुर्ची कोण घेऊन येतं? त्या एप्रिलात दक्षिण आफ्रिकेत काळ्यांना पहिल्यांदाच मताचा हक्क मिळाला होता. शाळेच्या मैदानात काळे-गोरे एकाच रांगेत उभे होते. "देश आपला झाला की घरी येईन," असं पुलेंग दर नाताळला सांगायची. मोसिडी आजीपाशी वाढली. आईने वाढवला तो हा हेनी, ती घरकामाला होती त्या गोऱ्या मालकिणीचा मुलगा. आज मोसिडी आईला कायमची न्यायला आली होती.

"आता सगळं बदलणार बघ, माय," म्हणत हेनीने थर्मास काढला, आणि पिशवीतून निळा एनॅमलचा मग. "तुझाच आणलाय, आठवणीने!"

मोसिडीच्या अंगाचा तिळपापड झाला. तो मग मालकिणीच्या घरातल्या कपांशेजारी कधी ठेवत नसत. सिंकखाली, फिनाइलच्या बाटलीजवळ असायचा तो.

"आणि तू कशातनं पिणार?" तिने विचारलं.

"झाकणातनं."

"का? यातनं पी की."

हेनीने हसत मग उचलला आणि खुशाल एक घोट घेतला.

"लहानपणी चोरून यातनंच प्यायचो. हा टवका उडालाय ना, तो मीच आपटला म्हणून. वर आईचा मारही खाल्ला. आठवतं, माय?"

"न आठवायला काय झालं? रात्रभर माझ्या कुशीत मुसमुसत होतास."

रात्रभर. मोसिडीला त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. तिला हेवा वाटला, आणि तो जास्त झोंबला.

"जूनमध्ये आमचं बाळ येतंय," हेनी म्हणाला. "तू आहेस म्हणून निर्धास्त आहोत."

उन्हं कलल्यावर पुलेंगचा नंबर आला. बाहेर आली तेव्हा ती आपला हात उलटसुलट करून बघत होती. मत दिल्याची खूण म्हणून लावलेली शाई खास दिव्याखालीच दिसणारी. हात होता तसाच होता.

"तुझ्या सासूला बोलावून घे, बाळा," ती हेनीला म्हणाली. "मी घरी चालले."

"कायमची?"

"कायमची. तेवढा माझा मग दे."

बसमध्ये मोसिडीने आईची पिशवी मांडीवर घट्ट धरली. जिंकल्यासारखं वाटत होतं. घरी पोचताच तिने सोनेरी काठाचा कप काढला. खास या दिवसासाठी घेतला होता, अजून कोणी त्याला ओठ लावला नव्हता. तिने काठोकाठ चहा ओतला.

"किती देखणा आहे गं," पुलेंग म्हणाली. मग तिने पिशवीतून निळा मग काढला आणि चहा जपून त्यात ओतला.

"आई, आता कशाला त्यातनं?"

"सवय गं."

मोसिडी रिकामा कप धरून बघत राहिली. पुलेंगने मग हातात हळूहळू फिरवला, टवका उडालेली कड समोर आल्यावर थांबली आणि नेमका तिथेच ओठ टेकवला.