फरशीखालचा भुईचाफा

आमच्या परसात, भिंतीच्या सावलीला, अक्कानं लग्नाआधी भुईचाफ्याचे कंद लावले होते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण निंगव्वा. या भुईचाफ्याची गंमतच असते! थंडीत पानं वाळून सगळं गडप होतं, आणि चैत्रात कोरड्या मातीतून, पानाचा पत्ता नसताना, थेट फूलच वर येतं. पांढरं, मधे जांभळं. शाळेच्या संमेलनात मी यावरच भाषण ठोकलं आणि बक्षीस मारलं!

खोकल्यानं झिजलेल्या अक्काला दाजी दिवाळीत आणून सोडून गेले. "बरी झाली की नेतो," म्हणाले. अक्कानं मनाशी धरलं होतं, भुईचाफ्याचं पहिलं फूल पूजेत तळहातावर घ्यायच्या इष्टलिंगाला वाहायचं, की मग दाजी येणारच. अंथरुणातून रोज मला विचारायची, "पंडितीणबाई, वर आलं का गं काही?"

"येतंय की! मी सांगते ना!"

गुढीपाडव्यानंतर अक्कलकोटहून निरोप आला, दाजी येताहेत. अप्पांना कोण आनंद! जावयाचे पाय धुळीत नकोत म्हणून मी शाळेत असताना त्यांनी परसात शहाबादी फरशी बसवून घेतली. अगदी भिंतीपर्यंत.

"अप्पा, तिथं भुईचाफा होता!"

"कुटं? मोकळी माती तर होती की. चांगली चोपून घेतली."

अक्काला मी काही सांगितलं नाही.

दाजी आले. त्याच फरशीवर पाय धुतले, "झ्याक बसवलीय," म्हणाले. मग सुपारी कातरता कातरता म्हणाले, "दुसरं जमवलंय. वैशाखात लगीन. हिला राहू द्या हितंच."

मीच पुढं झाले. "दाजी, बरी झाली की नेणार होता ना?"

"ती बरी होईल का, पोरी?" दाजींनी आवाजसुद्धा चढवला नाही. दाराआड अक्का खोकली.

ते गेल्यावर मी पहारीनं भिंतीकडची फरशी उचकटली. खाली कळी होती! दगडाला टेकून आडवी सरकलेली, पिवळी पडलेली. तोडून धावतच आत नेली.

"अक्का, आलं बघ! वाहा लिंगाला."

अक्कानं ती हुंगली. वासच नव्हता. तिनं कळी माझ्या हातात परत ठेवली.

"असलं वाहत न्हाईत गं. जा, फरशी नीट बसव. अप्पांना ठेच लागंल."

मी बसवली.